पथकराचा दाखला : माणसाचा की वाहनाचा?

ज्या घरात दोन मोटारी आहेत आणि त्यांपैकी एका वेळी एकच गावाबाहेर पडते, त्या घरातील हिशेबी माणसाला केव्हा तरी हा विचार सुचतोच की, फास्टॅगची पट्टी एकच घ्यावी, आणि ज्या दिवशी जी गाडी निघेल तिच्या काचेवर ती लावावी. पैसे तर आपल्याच खात्यातून वळते होणार, मग पट्टी कोणत्या गाडीवर होती याच्याशी सरकारला काय कर्तव्य? हा विचार वरवर पाहता अगदी सयुक्तिक आहे; आणि अमेरिकेतील न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या आप्तेष्टांना तेथील नियमच अशी मुभा देतात, हे कानी आले म्हणजे तो इतका बळावतो की, आपल्याकडील ‘एक वाहन, एक फास्टॅग’ हा दंडक निव्वळ दफ्तरी हट्ट वाटू लागतो. परंतु पथकर हा मुळात माणसावर आकारायचा की वाहनावर, हा प्रश्न निरनिराळ्या देशांनी निरनिराळ्या रीतीने सोडवलेला आहे, आणि पट्टी एका गाडीतून दुसरीत नेता येते की नाही, हे त्या उत्तरावरच अवलंबून असते.

या प्रश्नाचे मूळ शोधू गेल्यास आपण विल्यम व्हिक्री या अर्थशास्त्रज्ञापर्यंत जाऊन पोहोचतो. १९५९ साली वॉशिंग्टन शहराच्या वाहतुकीचा विचार करणाऱ्या काँग्रेसच्या समितीपुढे त्याने अशी सूचना मांडली की, प्रत्येक मोटारीत ओळख सांगणारे एक छोटेसे विद्युत्-उपकरण बसवावे, रस्त्यावरील यंत्रांनी ती ओळख जाता-येता टिपावी, आणि महिनाअखेर मालकाच्या घरी आकारणीचे बिल जावे. त्या काळी ही कल्पना बहुतेकांना विक्षिप्त वाटली. पुढे १९९६ साली त्याला नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि त्यानंतर तीनच दिवसांनी त्याचे निधन झाले, तोवर जगातील अनेक नाक्यांवर त्याच्या सूचनेचे कोणते ना कोणते रूप अमलात आले होते. आपल्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी गोष्ट एवढीच की, या मूळ मांडणीतच दोन वेगळ्या ओळखी गृहीत धरलेल्या आहेत: रस्ता वापरते ते वाहन, आणि पैसे देतो तो माणूस. या दोहोंची गाठ कोठे मारावी, यावरूनच पुढे सारे मतभेद झाले.

आपल्या राष्ट्रीय महामार्गांवरील आकारणीचा पाया २००८ सालच्या शुल्क-नियमांत आहे. चार वा अधिक पदरी रस्त्यासाठी २००७-०८ हे आधारवर्ष धरून त्यांत जे दर ठरवले गेले, ते मोटार, जीप वा व्हॅनला किलोमीटरमागे ६५ पैसे, हलक्या व्यापारी वाहनाला १ रुपया ५ पैसे, बस वा ट्रकला २ रुपये २० पैसे, आणि चार ते सहा आसांच्या अवजड वाहनाला ३ रुपये ४५ पैसे असे होते; त्यांत दरसाल वाढ होत आली असली तरी परस्परांतील प्रमाण सामान्यतः तेच राहिले आहे. याचा अर्थ असा की, ज्या नाक्यावर मोटारीला एक रुपया पडतो तेथे ट्रकला जवळजवळ साडेतीन रुपये पडतात. आता मोटारीच्या नावाने घेतलेली पट्टी ट्रकच्या काचेवर लावली, तर सरकारी वसुलात किती तूट येईल, हे सांगण्यास कोणा अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही. कर रस्त्याच्या झिजेवर आहे, झीज वाहनाच्या भारावर आहे, आणि म्हणून पट्टीने प्रथम द्यायची साक्ष ही मालकाची नसून वाहनाच्या वर्गाची असते. म्हणूनच फास्टॅगच्या पट्ट्यांना वर्गपरत्वे निरनिराळे रंग दिलेले आहेत, आणि मोटारीच्या पट्टीचा रंग जांभळा आहे.

पट्टी स्वतः मात्र फारच थोडे बोलते. तिच्यात विद्युत्-घट नाही; तांदळाच्या दाण्याहूनही लहान अशी एक चिप आणि तिला जोडलेला धातूचा पातळ आकाश-तंतू, एवढाच तिचा संसार आहे. नाक्याच्या तुळईवर बसवलेले वाचक-यंत्र भारतात ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओ-लहरी खाली सोडते. त्या लहरींतूनच पट्टी आपल्यापुरती ऊर्जा घेते आणि त्याच लहरी थोड्याफार बदलून परत फिरवते, आणि त्या बदलांत तिचा क्रमांक असतो. या लहरींची लांबी सुमारे ३५ सेंटीमीटर असल्याने पट्टीवरील तंतू त्या मापाला अनुरूप अशा वळणावळणांनी दुमडलेला असतो, आणि तो काचेला चिकटलेला असेल हे गृहीत धरूनच त्याचे माप बेतलेले असते. पट्टी तळहातात धरून खिडकीतून दाखवणाऱ्या वाहनचालकाला ती वारंवार वाचली का जात नाही याचे कोडे पडते. पण माणसाच्या हातातील पाणी या लहरी शोषून घेते आणि तंतूचा मेळ बिघडवते, एवढेच त्याचे कारण आहे. काचेला धातुमिश्रित लेप असला तरीही हाच अडथळा येतो. शिवाय पट्टीची घडणच अशी की, ती काचेवरून सोलून काढू गेल्यास तंतू फाटावा आणि पट्टी निकामी व्हावी. याचा अर्थ असा की, स्थलांतराची मनाई कायद्याच्या कागदावर लिहिण्यापूर्वी कारखान्यात गोंदाने लिहिलेली आहे.

क्रमांक वाचला गेल्यावर पुढचा व्यवहार दूर कोठे तरी दफ्तरात घडतो. नाक्याची बँक तो क्रमांक राष्ट्रीय भुगतान निगमाकडे, म्हणजे एनपीसीआयकडे पाठवते; तेथील नोंदवहीत त्या क्रमांकासमोर वाहनाचा नोंदणी-क्रमांक, त्याचा वर्ग, पट्टी देणारी बँक आणि पट्टी चालू आहे की काळ्या यादीत गेली आहे, हे सारे लिहिलेले असते; मग त्या बँकेच्या खात्यातून रक्कम वजा होते आणि आडवी दांडी वर उचलली जाते. दरम्यान नाक्यावरील दुसरे यंत्र गाडीचे आस आणि आकार मोजून तिचा वर्ग स्वतंत्रपणे ठरवत असते, आणि कॅमेरा तिचे छायाचित्र टिपून ठेवत असतो. पट्टी सांगते मोटार आणि यंत्र मोजते तीन आस, अशी विसंगती आढळली की फरकाची रक्कम मागण्याचा हक्क नाक्याला पोहोचतो. मात्र एका मोटारीची पट्टी दुसऱ्या मोटारीवर असल्यास वर्ग जुळतो, आस जुळतात, पैसेही बरोबर कापले जातात, आणि म्हणूनच घरगुती अदलाबदल पुष्कळ काळ कोणाच्या ध्यानात आली नाही. (येथे जाता जाता सांगायला हवे की, गाडीची काच पुसणारा मुलगा मनगटावरील घड्याळाने फास्टॅगमधील पैसे चोरतो, अशी जी चित्रफीत २०२२ साली घरोघर फिरली, तिच्यात तथ्य नव्हते; हा व्यवहार नोंदणीकृत नाका आणि बँक यांच्यामध्येच होऊ शकतो, माणसामाणसांत नाही.)

आता अमेरिकेकडे वळू. न्यू यॉर्क, न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया येथील पथकर-संस्थांनी एकत्र येऊन उभी केलेली ई-झीपास ही योजना १९९३ साली न्यू यॉर्क थ्रूवेवर प्रथम अमलात आली. तिचे परिचित उपकरण म्हणजे पट्टी नव्हे, तर अंतर्गत विद्युत्-घट असलेली प्लॅस्टिकची टणक डबी. ती काचेला चिकट पट्ट्यांनी अडकवायची आणि हवी तेव्हा काढायची. खातेदाराने आपल्या खात्यावर जितक्या गाड्यांचे क्रमांक नोंदवले असतील, त्यांपैकी त्याच वर्गाच्या कोणत्याही गाडीत ती न्यावी, एवढीच तेथील अट आहे. म्हणजे वर्गाचा आग्रह तेथेही सुटलेला नाही. फक्त विशिष्ट गाडीचा आग्रह सुटला आहे. हे तेथे परवडते, कारण डबी विसरली किंवा वाचली गेली नाही तर कॅमेरा गाडीच्या क्रमांकपट्टीचे छायाचित्र घेतो आणि तो क्रमांक खात्यावर नोंदलेला असल्यास रक्कम तेथूनच वजा होते. क्रमांकपट्टीवर विसंबता येत असल्यामुळे डबीला थोडे स्वातंत्र्य देता आले. या स्वातंत्र्याला काही गमतीदार उपद्रवही चिकटलेले आहेत. भाड्याच्या मोटारीत स्वतःची डबी नेणाऱ्याने तिचा क्रमांक आपल्या खात्यावर तात्पुरता चढवायला हवा, आणि मोटार परत केल्यावर न विसरता उतरवायलाही हवा. नाही तर पुढच्या अनोळखी प्रवाशाचा पथकर आपल्या खात्यातून जाण्याची भीती. उलट, भाड्याच्या गाडीत कंपनीने बसवलेले उपकरण उघडे राहिले आणि आपली डबीही समोर असली, तर दोन खात्यांवर एकच नाका लागण्याचा संभव. म्हणून न वापरायची डबी ठेवण्यासाठी धातूचा मुलामा दिलेली पिशवी तेथे मिळते.

परंतु सारी अमेरिका या बाबतीत एकसारखी आहे असेही नाही, आणि फ्लोरिडाचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. तेथे सनपासचे दोन प्रकार शेजारी शेजारी विकले जातात: मिनी नावाची स्वस्त, घटरहित, काचेवर कायमची चिकटणारी पट्टी, जी काढली की निकामी होते, आणि प्रो नावाची महाग डबी, जी गाडीगाडीत नेता येते आणि ई-झीपासच्या राज्यांतही चालते. एकाच सरकारने एकाच रस्त्यासाठी दोन्ही तत्त्वे मान्य केली आणि निवड ग्राहकाच्या खिशावर सोपवली. इटलीतील टेलेपास या जुन्या योजनेत एका उपकरणावर दोन वाहनक्रमांक नोंदवता येतात. दोन मोटारींच्या कुटुंबाची अडचण तेथील व्यवस्थापकांना कोणी तरी पटवून दिलेली दिसते.

तर्काच्या दृष्टीने सर्वांत नेटकी व्यवस्था मात्र जपानची. २००१ साली तेथे सुरू झालेल्या व्यवस्थेत मोटारीत जे यंत्र बसवतात त्यात त्या मोटारीचा क्रमांक आणि वर्ग अधिकृत दुकानात नोंदवून घ्यावा लागतो. तेच यंत्र दुसऱ्या गाडीत बसवायचे तर ती नोंदणी पुन्हा करावी लागते, कारण त्या देशात लहान ‘केई’ मोटारींना साध्या मोटारीपेक्षा कमी दर आहे आणि यंत्र हलवले तर दर चुकतो. परंतु या यंत्रात एक खाच असते आणि तिच्यात पैसे देणाऱ्याचे कार्ड घालायचे असते. कार्ड माणसाचे, यंत्र गाडीचे. मित्राच्या गाडीत बसा, भाड्याची गाडी घ्या, आपले कार्ड खाचेत घाला. गाडी आपला वर्ग सांगते आणि आपण आपले पैसे देतो. सिंगापुरात १९९८ सालापासून गाडीत कायमचे बसवलेले यंत्र आणि त्यात घालायचे रोकड-कार्ड, अशी याच जातीची योजना होती. व्हिक्रीने गृहीत धरलेल्या दोन ओळखी येथे खरोखरच वेगळ्या ठेवल्या गेल्या. आपल्याकडे तसे का झाले नाही याचे उत्तर किमतीत आहे: २०१० साली नंदन नीलेकणी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशासाठी घटरहित पट्टीची शिफारस केली ती तिच्या स्वस्ताईमुळे आणि साधेपणामुळे, आणि कोट्यवधी वाहनांच्या देशात तो निर्णय मला तरी शहाणपणाचाच वाटतो, पण स्वस्त पट्टीत खाच ठेवता येत नाही.

वर्गाच्या जोडीला सवलतींचा प्रश्नही आहे, आणि तोच खरा गुंतागुंतीचा आहे. चोवीस तासांत परत येणाऱ्या वाहनाला जाण्यायेण्याचा मिळून दीडपट कर. महिन्यात पन्नास फेऱ्या करणाऱ्याला दोन-तृतीयांश दराचा पास. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याच्या खासगी वाहनाला मासिक पास. आणि १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटार, जीप, व्हॅनसाठी वार्षिक पास, जो सुरू झाला तेव्हा ३००० रुपयांत एक वर्ष अथवा २०० फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल तोवर राष्ट्रीय महामार्गांवर आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर चालणारा होता. (मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्याच्या अखत्यारीतला असल्याने तेथे हा पास लागू नाही, ही गोष्ट पुष्कळांना नाक्यावर पोहोचल्यावरच कळते.) या प्रत्येक सवलतीचा धनी वाहन आहे. सकाळी थोरल्या भावाची मोटार गेली आणि संध्याकाळी धाकट्याची त्याच पट्टीवर परतली, तर नोंदवहीच्या दृष्टीने एकच गाडी जाऊन आली, आणि परतीची सवलत जिचा हक्क नाही तिला मिळाली. वार्षिक पास तर एका वाहनापुरता बांधलेलाच आहे. तो फिरता केला तर एका गल्लीला एक पास पुरेल.

फिरत्या परवान्याने काय होते, याचा एक दाखला आपल्याच इतिहासात आहे, आणि त्यातील आकड्याचा योगायोग पाहून मला हसू आवरले नाही. १७१७ साली बादशहा फर्रुखसियरने ईस्ट इंडिया कंपनीला जे फर्मान दिले, त्यान्वये बंगालात कंपनीच्या मालाला जकात माफ झाली, आणि तिच्या मोबदल्यात सरकारात द्यायची वार्षिक रक्कम होती ३००० रुपये. कंपनीचा अधिकारी मालासोबत दस्तक द्यायचा आणि चौकीवर दस्तक पाहून माल सुटायचा. माफी कंपनीच्या मालाला होती, पण चौकीवरचा कारकून वाचणार दस्तक, मालाची मालकी थोडीच वाचणार! मग कंपनीचे नोकर आपल्या खासगी व्यापाराला तेच दस्तक लावू लागले, पुढे देशी व्यापाऱ्यांनाही ते पैसे घेऊन मिळू लागले, आणि नवाबाचा जकातीचा वसूल आटत गेला. या तंट्याने सिराज-उद्-दौल्याचे मन कंपनीविरुद्ध कलुषित होण्यास हातभार लावला, आणि १७६३ साली मीर कासीमने तर वैतागून सर्वांचीच अंतर्गत जकात उठवली. त्यातून युद्ध भडकले ते १७६४ मध्ये बक्सारपर्यंत गेले. घरच्या दोन मोटारींत एक पट्टी फिरवणाऱ्या सद्गृहस्थाला मी कंपनीच्या पंक्तीला बसवीत नाही. परंतु दाखला ज्या मालासाठी दिला त्या मालाला तो चिकटलेला नसला की काय होते, हे चौकीदाराला तीनशे वर्षांपूर्वी कळले होते.

फास्टॅग १६ फेब्रुवारी २०२१ च्या सुमारास राष्ट्रीय महामार्गांवर खऱ्या अर्थाने सक्तीचा झाला, आणि महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाच्या नाक्यांवर १ एप्रिल २०२५ पासून. सक्तीच्या पाठोपाठ बंदोबस्त आला. २०२४ च्या आरंभी ‘एक वाहन, एक फास्टॅग’ची मोहीम निघाली आणि एका गाडीवर घेतलेल्या जुन्या पट्ट्या बंद होऊ लागल्या, त्याच वर्षी जुलैत काचेला न चिकटवलेली पट्टी दाखवणाऱ्याकडून दुप्पट कर घेण्याचे फर्मान निघाले, आणि जुलै २०२५ मध्ये अशा सुट्या पट्ट्यांची खबर देऊन त्या काळ्या यादीत घालण्याची व्यवस्था झाली. वाहनाची छायाचित्रे देऊन पट्टी त्याच गाडीची आहे हे सिद्ध करण्याचा जो सोपस्कार मध्यंतरी बँकांनी मागायला सुरुवात केली, त्याने प्रामाणिक माणसाला फार जाचले, हेही सांगितले पाहिजे. पुढे तो सैल करावा लागला. तत्त्व बरोबर असले म्हणून तगादा बरोबर ठरतो असे नाही. १५ नोव्हेंबर २०२५ पासून वैध पट्टी नसलेल्याने रोख भरल्यास दुप्पट आणि यूपीआयने भरल्यास सव्वापट, असा दर ठरवला गेला, तो या मानाने समंजस म्हणावा लागेल.

तेव्हा दोन मोटारींच्या घराने करावे काय? पट्ट्या दोन घ्याव्यात. खाते मात्र एक ठेवता येते. एकाच बँकेतून घेतलेल्या अनेक पट्ट्या एका खात्याला वा बटव्याला जोडण्याची सोय कित्येक बँका देतात, आणि शिल्लक कमी झाली की ती आपोआप भरली जावी अशी कायमची आज्ञाही बँकेला देऊन ठेवता येते. अशा रीतीने जपानची खाच नसली तरी तिचा बराचसा लाभ पदरात पडतो: साक्ष गाडीगाडीची वेगळी, आणि पैसा घराचा एक. समोरची काच फुटून बदलावी लागली, तर जुनी पट्टी सोलून नव्या काचेवर लावण्याचा खटाटोप न करता बँकेकडून त्याच वाहनाच्या नावाची नवी पट्टी मागवावी. आणि गाडी विकताना नोंदणी-पुस्तकाच्या हस्तांतरणाइतक्याच तत्परतेने पट्टी बंद करावी, अनामत रक्कम परत घ्यावी. कारण ती चालू राहिली तर नव्या मालकाचा पथकर जुन्याच्या खात्यातून जात राहतो, आणि नव्या मालकाला त्याच गाडीवर स्वतःची पट्टीही घेता येत नाही.

ही शिस्त पुढे अधिकच कडक होणार, अशी चिन्हे आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातेत सुरतेजवळील चोर्यासी नाक्यासाठी जो करार झाला, त्यात दांडी नाही, थांबा नाही. वाहने आपल्या वेगाने जातील, वरचे यंत्र फास्टॅग वाचील आणि शेजारचा कॅमेरा क्रमांकपट्टी वाचील. आजवर जी विसंगती छायाचित्रांच्या ढिगात पडून राहत होती, ती तेथे त्याच क्षणी यंत्रापुढे येईल: पट्टी एका मोटारीचे नाव सांगते आणि क्रमांकपट्टी दुसरीचे. अमेरिकेत याच दोन वाचनांच्या जोरावर डबीला गाडीगाडीत फिरण्याची मोकळीक मिळाली. आपल्याकडे कॅमेऱ्याचे वाचन भरवशाचे ठरले, तर खातेदाराच्या नोंदवलेल्या दोन गाड्यांत एक पट्टी चालू द्यावी, अशी मागणी करायला ग्राहकांना आधार मिळेल. तोपर्यंत विसंगतीचा दंड पट्टीच्या मालकाच्या नावावर पडेल.